गवत्या सोडा, पण मोजून

पावसाळा सरला, सांडवा बंद झाला आणि गाळ खाली बसून पाणी निवळले की महाराष्ट्रातल्या गावतळ्यांत आणि पाझर तलावांत दरवर्षी एकच क्रम सुरू होतो. ऊन तळापर्यंत पोहोचते आणि पाण्याखालचे गवत वर चढू लागते. दिवाळीनंतर दोन महिन्यांत कित्येक तळी हायड्रिला, नाजस आणि शेवाळाने निम्मी भरतात. जाळे टाकले तर मासळीऐवजी गवताचा भारा वर येतो, डोंग्याचे वल्हे अडकते, पाटाच्या तोंडाशी बोळा बसतो आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. दिवसा प्राणवायू सोडणारे हे गवत रात्री तोच वापरून टाकते, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. या गवतावर उपाय म्हणून गवत खाणारा मासा आपल्या देशात १९५९ पासून आहे. मच्छीमार त्याला गवत्या म्हणतात, सरकारी कागदात तो ग्रास कार्प असतो. बाजारात विकायचा आणखी एक मासा एवढीच त्याची ओळख राहिली आहे. तळ्याची निगा राखण्याचे साधन म्हणून त्याचा विचार झाला पाहिजे, आणि तो संख्येच्या हिशेबाने झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. हिशेब न करता सोडलेला गवत्या तळ्याचे जेवढे भले करतो, त्याहून अधिक नुकसान करू शकतो.

आधी बाकीच्या उपायांचे काय होते ते पाहू. हायड्रिला कापून किंवा उपटून काढण्याचा खर्च मोठा आणि फायदा थोड्या दिवसांचा असतो, आणि त्याचे कारण या वनस्पतीच्या वाढीत आहे. खोडाचा एक पेर असलेला तुकडा पाण्यात राहिला तरी तो रुजतो. म्हणजे कापणी करताना आपण लागवडही करत असतो. शिवाय चिखलात त्याच्या वाटाण्याएवढ्या गाठी असतात. वरचे सगळे काढले तरी त्या वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि पाणी निवळले की पुन्हा फुटतात. राहिला तणनाशकाचा मार्ग. ज्या तळ्यावर गुरे पाणी पितात, बाया कपडे धुतात आणि ज्याचे पाणी विहिरींत झिरपते, तिथे फवारणी करण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा. विषाची चिंता बाजूला ठेवली तरी एक अडचण उरते. एकाच वेळी मेलेले टनावारी गवत कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू ते कुजणेच खाऊन टाकते आणि सगळी मासळी मरून वर येते. गवत हळूहळू, रोज थोडे थोडे आणि फुटव्यासकट कमी करणारे काहीतरी हवे असते. चरणारा मासा नेमके तेच करतो.

गवत्याच्या जबड्यात दात नसतात. ते त्याच्या घशात असतात, दोन्ही बाजूंना, खाचा पाडलेले. पान तोंडात ओढून तो ते या दातांवर फाडतो आणि रगडतो. अगदी लहान पिल्लू असताना तो पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, मात्र काही सेंटिमीटरचा झाला की वनस्पतीकडे वळतो. कोमट पाण्यात वाढत्या वयाचा गवत्या दिवसाला आपल्या वजनाइतके ओले गवत सहज खातो. हायड्रिला नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने एक किलो वजन वाढायला त्याला चाळीस-पन्नास किलो किंवा त्याहून जास्त गवत लागते. मासळी उत्पादकाला हा आकडा वाईट वाटेल, पण तळे साफ करू पाहणाऱ्यासाठी तीच त्याची लायकी आहे. त्याच्या आवडीनिवडी मात्र ठाम असतात. हायड्रिला, नाजस, कारा, टिकल्यासारखे तरंगणारे लेम्ना, अझोला हे तो आवडीने खातो. पाणकणीस, कमळ, बेशरम यांना तो सहसा तोंड लावत नाही.

जलपर्णीही तो खात नाही. हे स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण मुळा-मुठा, इंद्रायणी, पंचगंगा किंवा शहरांतले तलाव जलपर्णीने झाकले की ‘मासे सोडा’ ही सूचना कुणी ना कुणी करतोच. कोवळी मुळे कुरतडण्यापलीकडे गवत्या तिचे काही करत नाही. उलट पाण्याखालचे गवत संपवून तो त्यातले नत्र-स्फुरद मोकळे करतो आणि ते जलपर्णीच्याच कामी येते. जलपर्णीचे मूळ सांडपाण्यात आहे. तिच्यासाठी १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने आणलेले नियोचेटिना भुंगे हा जैविक उपाय आहे, तोही सांडपाणी रोखल्याशिवाय पुरा पडत नाही. साल्विनिया या तरंगत्या तणावर असाच दुसरा एक भुंगा चालतो. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या एका तलावात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्याच्या मदतीने सुमारे दीड वर्षात साल्विनिया हटवली. कोणत्या तणाला कोण खातो हे न पाहता मासे सोडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे संख्येकडे येतो. हिशेबापुरते एक हेक्टरचे तळे धरू आणि त्यात तीस टन ओले हायड्रिला आहे असे मानू. किलोभराचे चाळीस गवत्या सोडले तर ते दिवसाला चाळीस किलो खातील, महिन्याला बाराशे किलो. एवढ्या काळात हायड्रिला स्वतः तितके किंवा जास्त वाढते, त्यामुळे पहिल्या हंगामात काहीच फरक दिसत नाही. लोक म्हणतात, मासे कमी पडले, आणखी आणा. दुसऱ्या वर्षी तेच मासे अडीच-तीन किलोचे होतात. वजनाच्या मानाने थोडे कमी, पण एकूण दुपटीहून अधिक खाऊ लागतात. त्यात पहिल्या वर्षी घाई करून वाढवलेले मासे मिळाले की खाणे गवताच्या वाढीच्या पुढे जाते, आणि ही रेषा एकदा ओलांडली की घसरण थांबत नाही. गवत कमी होते, भूक वाढत जाते, आणि एका हंगामात तळे बोडके होते. गायरानावर जनावरे किती सोडावीत याचा विचार चाऱ्यावरून होतो, तसा तळ्याचा करावा लागेल. फरक एवढाच की तळ्यातली जनावरे दिसत नाहीत आणि चाराही दिसत नाही. अमेरिकेत तळ्यांतल्या तणासाठी सहसा हेक्टरी दहा-वीसपासून चाळीस-पन्नासपर्यंत मोठे गवत्या सोडण्याची शिफारस असते, तीही थोड्यांपासून सुरुवात करून. आपल्याकडच्या मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडतात आणि त्यातले पाच-दहा टक्के गवत्या धरतात. म्हणजे हेक्टरी काही शे. ते प्रमाण मासळीच्या उत्पादनासाठी आहे. शेतकरी तिथे गवत संपल्यावर बांधावरचे हत्ती गवत कापून घालतो. तेच प्रमाण गावतळ्याला लावले तर बाहेरून चारा घालणारा कुणी नसतो आणि तळ्यातली शेवटची काडीही उरत नाही.

याचा सर्वात मोठा धडा टेक्सासमध्ये मिळाला. ह्यूस्टन शहराला पाणी पुरवणाऱ्या लेक कॉनरो या सुमारे आठ हजार हेक्टरांच्या जलाशयात १९७० च्या दशकात हायड्रिला शिरले आणि वाढत वाढत त्याने चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी व्यापले. १९८१-८२ मध्ये तिथे २,७०,००० गवत्या सोडण्यात आले. १९८३ संपण्याआधी हायड्रिला नाहीसे झाले. त्याबरोबर पाण्याखालच्या बाकीच्या वनस्पतीही गेल्या. गवतात अडकलेले अन्नद्रव्य पाण्यात आले, सूक्ष्म शेवाळ वाढले आणि पाण्याची पारदर्शकता घटली. पुढे मासे म्हातारे होऊन मेले, हायड्रिला परतले आणि २००६ नंतर पुन्हा गवत्या सोडावे लागले. हे अपयश होते असे मी म्हणणार नाही. ज्यांना नौकाविहार हवा होता त्यांच्या दृष्टीने ते यशच होते. पण तिथे प्रश्न ‘किती गवत ठेवायचे’ असा विचारला गेला नाही, ‘गवत कसे संपवायचे’ असा विचारला गेला, आणि माशांनी त्याचे तंतोतंत उत्तर दिले.

आपल्याकडे तो पहिला प्रश्न विचारणे तर अधिकच गरजेचे आहे, कारण टेक्सासमध्ये हायड्रिला परके होते. इथे ते घरचे आहे, परका आहे तो गवत्या. गवत्यावरचा सर्वात वजनदार आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो पूर्व विदर्भातून येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हजारांनी आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर ढीवर समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे. मनीष राजनकर यांच्यासारखे कार्यकर्ते आणि ढीवर स्त्री-पुरुष यांनी मिळून तिथे काही वर्षे केलेले काम गवत काढण्याच्या कल्पनेलाच छेद देणारे आहे. त्यांनी बेशरम उपटले, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर त्यात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती मुद्दाम लावल्या. कारण मरळ, मागूर, झिंगे आणि लहान देशी मासे या गवतातच अंडी घालतात, पिल्ले त्यातच लपतात आणि त्यावर वाढणारे कीटक खाऊन मोठी होतात. बाहेरून आणलेल्या कार्पवर भर दिल्यानंतर देशी मासे का आटले याचा शोध घेतला, तेव्हा पाणवनस्पती गेल्याचे कारण त्यांना सापडले. गवत परत आले तसे देशी मासेही परतू लागले.

या अनुभवाला मी गवत्याच्या विरोधातला निकाल मानत नाही, पण त्याला उत्तर न देता पुढेही जाता येणार नाही. गवत किती हवे हे तळ्याच्या उपयोगावर ठरते. शेततळ्यात प्लास्टिक अंथरलेले असते, तिथे देशी माशांचे प्रजनन होत नाही आणि ठिबकच्या गाळणीत शेवाळ अडकू नये एवढीच अपेक्षा असते. अशा तळ्यात गवत्या पोटभर खाऊ द्यावा. कालव्यालाही तेच लागू आहे. कॅलिफोर्नियात इम्पीरियल खोऱ्यातल्या सिंचन कालव्यांत १९८० च्या दशकापासून गवत्या हायड्रिला खातो आहे आणि तिथे कालवा हा कालवाच राहणे सर्वांना मान्य आहे. मामा तलावात मात्र ज्या वर्षी गवताने सत्तर-ऐंशी टक्के पाणी व्यापले त्या वर्षीच आणि तेवढ्यापुरताच हा मासा सोडावा. वीस ते चाळीस टक्के पाण्यात गवत राहिले तर ते मासळीला पोषक असते, असे तळ्यांच्या अभ्यासातून पुढे आलेले साधारण प्रमाण आहे. जिथे देशी मासे आधीच भरपूर आहेत आणि गवतही तेवढेच आहे, तिथे गवत्याची गरज नाही. अशा तलावात मत्स्यव्यवसाय खात्याने केवळ योजनेचे लक्ष्य गाठायचे म्हणून बीज टाकू नये.

दुसरा आक्षेप परक्या माशाचा. तो हवेतला नाही. १९५२ मध्ये आणलेली चिलापी आज उजनीच्या बाजारात राज्य करते, आणि बंदी असलेला परदेशी मांगूर चोरून पाळला गेला की प्रशासनाला खड्डे खणून तो पुरावा लागतो. पण चिलापी आणि गवत्या यांच्यात एक मोठा फरक आहे. चिलापी तळ्यातच वर्षातून अनेकदा पिल्ले काढते. गवत्याला प्रजननासाठी लांबच लांब वाहती नदी लागते, कारण त्याची अंडी उबेपर्यंत प्रवाहात तरंगत राहावी लागतात आणि थांबल्या पाण्यात ती तळाशी बसून मरतात. म्हणूनच भारतात त्याचे बीज इंजेक्शन देऊनच काढावे लागते. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे देशी कार्पवर यशस्वी केलेले तंत्र हेच, आणि त्याची आठवण म्हणून तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. तळ्यात आपण जितके गवत्या सोडले तितकेच राहतात, ही या माशाची जमेची बाजू. ती नदीत मात्र संपते. जपानच्या टोने नदीत आणि अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यात सुटलेले गवत्या स्थायिक झाले. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत जगात दुसरीकडे कुठेही नसलेले मासे आहेत, आणि कृष्णा-गोदावरीच्या लांब प्रवाहांवर आपण हा प्रयोग करायला नको.

त्यासाठी फ्लोरिडाचा नियम अनुकरणीय आहे. तिथे परवान्याशिवाय गवत्या सोडता येत नाही, तळ्याच्या निचऱ्याला जाळी असावी लागते, आणि मासा त्रिगुणित लागतो. अंडे फळल्यावर काही मिनिटांतच त्यावर मोठा दाब दिला की पिल्लात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात आणि ते वांझ निघते. अमेरिकेची केंद्रीय यंत्रणा मासे पाठवण्याआधी रक्ताची तपासणी करून तसे प्रमाणित करते. आपल्या बीज केंद्रांतून मिळते ते साधे, प्रजननक्षम बीज. वांझ बीज तयार करणे आपल्या मत्स्य संशोधन संस्थांच्या आवाक्याबाहेरचे नाही, फक्त त्याची मागणी कुणी केलेली नाही. ती महाराष्ट्राने करावी. त्याचबरोबर कर्नाटकात आणि कृष्णा खोऱ्यात आढळणाऱ्या पुंटियस पुल्चेलस या दुर्मीळ देशी माशाकडेही लक्ष द्यावे. तोही वनस्पती खातो आणि त्याचे प्रजनन करण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्याला बळ मिळाले तर पुढच्या पिढीला परक्या माशाची गरज कमी भासेल. तोवर हातात आहे तो गवत्या, आणि नदीला मिळणाऱ्या तळ्याच्या सांडव्यावर पावसाळ्यात जाळी नसेल तर तिथे तो सोडूच नये.

पाण्याच्या प्रतीबद्दलची शंकाही रास्त आहे. गवत्या खातो त्यातले जवळपास निम्मे न पचताच बाहेर टाकतो, आणि त्या खतावर पाणी हिरवे होते. मिश्र मत्स्यशेतीत हा दोष उपयोगी पडतो, कारण चंदेरा हा मासा ते सूक्ष्म शेवाळ खातो आणि सायप्रिनस हा मासा तळाची विष्ठा चाळतो. पिण्याच्या पाण्याच्या तलावात हे चालणार नाही, तिथे गवत हातानेच काढलेले बरे, कारण ते काढताना त्यातले नत्र-स्फुरदही तळ्याबाहेर जाते. काढलेल्या गवताचे खत होते आणि हाताला काम मिळते. देवळांच्या कुंडांबद्दलही दोन शब्द. जिथे मासेमारी वर्ज्य आहे तिथे सोडलेला गवत्या परत काढता येत नाही, आणि तो दहा वर्षांहून अधिक जगतो. तिथला निर्णय मागे घेता येत नाही, म्हणून तो टाळावा. याउलट आपली बरीचशी गावतळी वैशाख-ज्येष्ठात कोरडी पडतात. अशा तळ्यांत चूक झाली तरी ती एका हंगामापुरती राहते, आणि गवत्या वापरून पाहायला याहून चांगली जागा नाही.

उरतो प्रश्न हिशेब ठेवायचा कुणी. तलाव एका खात्याचा, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडून, आणि पाणी वापरणारे गाव तिसरे, अशी आपली रचना आहे. ठेकेदार संस्थेला उत्पादनावर मिळकत मिळते, गवत राखल्याबद्दल काही मिळत नाही. त्यामुळे ठेक्याच्या करारातच गवत्याची कमाल संख्या लिहावी लागेल आणि बीज पुरवताना खात्याने तीच पाळावी लागेल. बोटुकली सोडून उपयोग नाही, ती मरळ आणि पाणकावळे खातात. वीतभराहून मोठे मासे हवेत, म्हणजे संवर्धन तळ्यात आधी वाढवण्याचा खर्च योजनेत धरायला हवा. मोजणीचे साधन अगदी साधे आहे. दोरीला लोखंडी पंजा बांधायचा, दर महिन्याला डोंग्यातून तलावभर ठरलेल्या चाळीस जागी तो टाकायचा, आणि किती वेळा गवत वर आले ते लिहायचे. पंजा चाळीसपैकी तीस जागी भरून आला तर हेक्टरी वीस-पंचवीस मासे सोडायचे, आणि एक अख्खा हंगाम वाट पाहायची, भर घालायची नाही. तो दहा-बारा जागीच भरून येऊ लागला की त्याच महिन्यात जाळे लावून मोठे गवत्या बाजारात पाठवायचे. हा मासा जाळ्यावरून उडी मारून निसटतो, त्यामुळे एका ओढणीत काम होत नाही. निघालेल्या माशांची संख्या आणि पंजाचा आकडा मच्छीमार संस्थेच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात आणि ग्रामसभेच्या फलकावर, दोन्हीकडे लिहायचा.